ओवी छापली, चाल राहिली : बारामती-इंदापूरच्या गाण्यांचे अपुरे दप्तर

१/ बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या इतिहासाची साधने मोजायला बसले की सनदा, मोडी दप्तरे, शिलालेख, कालव्याचे अहवाल अशी यादी सहज होते. तीत एक साधन बहुधा राहून जाते : पहाटे जात्यावर म्हटली गेलेली ओवी. ती यादीत आलीच, तर केवळ शब्दांच्या रूपाने येते. तिची चाल गैरहजर असते. ही गैरहजेरी किरकोळ का नाही, हे मांडणारा हा धागा.

२/ कोणत्याही पारंपरिक गाण्याचे दप्तर तीन कागदांनी पूर्ण होते. पहिला कागद शब्दांचा, दुसरा ध्वनिमुद्रणाचा, तिसरा स्वरलिपीचा. महाराष्ट्रात पहिला कागद विपुल आहे, दुसरा थोडा आहे आणि तिसरा क्वचितच सापडतो. यांपैकी एकही कागद उरलेल्या दोहोंची जागा घेऊ शकत नाही. तरीही अभ्यासक आणि हौशी संग्राहक पहिल्या कागदावर समाधान मानत आले आहेत.

३/ आरंभ बारामतीच्याच कवीपासून करणे योग्य. मोरोपंत पराडकर १७२९ मध्ये पन्हाळ्यास जन्मले आणि बारामतीच्या नाईकांच्या आश्रयाने त्यांचे आयुष्य तेथेच गेले. पुराण सांगणे हा त्यांचा व्यवसाय. १७९४ मध्ये बारामतीतच त्यांचे निधन झाले. त्यांची आर्या कीर्तनकारांनी महाराष्ट्रभर नेली. म्हणजे ती ऐकण्यासाठी रचली गेली होती. मुक्याने वाचणारा वाचक नंतरच्या काळातला.

४/ मोरोपंतांच्या रचनेत चालीचा एक अंश कागदावरच टिकला आहे. त्यांची आर्या बहुतांशी गीती या प्रकारची. तिच्या प्रत्येक ओळीत १२ आणि १८ अशा ३० मात्रा असतात. लघू अक्षराची एक मात्रा, गुरू अक्षराच्या दोन. ‘केकावली’ प्रामुख्याने पृथ्वी वृत्तात आहे, म्हणजे चरणाला १७ अक्षरे आणि त्यांचा ठरलेला क्रम. कोणते अक्षर किती लांबवायचे, हे अडीचशे वर्षांनंतरही सांगता येते.

५/ वृत्त एवढेच सांगते. आवाज कोठे चढवायचा, कोणत्या स्वरावर थांबायचे, कीर्तनात आर्या संपवून पुन्हा निरूपणाकडे कसे वळायचे, यांतले काही त्यात नाही. ते कीर्तनकाराकडून शिष्याकडे कानानेच गेले. मोरोपंतांचा ग्रंथ आज कोणीही उघडू शकतो. त्यांच्या काळी बारामतीत तो कसा ऐकू येत असे, हे ग्रंथ सांगत नाही. छापील शब्द आणि ऐकू येणारे गाणे यांतील अंतर येथे प्रथम स्पष्ट होते.

६/ ओवीकडे वळले की हे अंतर आणखी वाढते, कारण जात्यावरच्या ओवीला आर्येसारखा मात्रांचा काटेकोर हिशेब नाही. तिला आधार जात्याचा. दोन तळ्या, एक खुंटा, समोरासमोर बसलेल्या दोघीजणी, मुठीने घातली जाणारी वैरण. वरची तळी फिरवण्याचा जोर आणि श्वास यांनी ओवीची लय ठरते. एकीने ओळ काढायची, दुसरीने ती झेलायची. कामाची गती हाच गाण्याचा ताल.

७/ छापील संग्रहात अशी ओवी साधारणतः दोन ओळींत आटोपते. म्हणताना मात्र ती तेवढ्यात संपत नाही. अर्धी ओळ पुन्हा येते, ‘बाई’, ‘गं’, ‘सये’ असे शब्द मध्ये येतात, एखादे अक्षर तळीच्या पूर्ण फेऱ्याइतके लांबते. संपादक हे ‘भरीचे’ शब्द गाळतो, कारण अर्थाच्या दृष्टीने ते अनावश्यक वाटतात. परंतु चालीचे वळण नेमके त्याच शब्दांवर बसलेले असते. अर्थ जपण्याच्या भरात गाण्याचे सांधे निखळतात.

८/ यात जुन्या संग्राहकांना दोष देण्याचे कारण नाही. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये बायकांच्या ओव्या गोळा केल्या, तेव्हा खेड्यात ध्वनिमुद्रणाचे यंत्र नेणे अशक्यप्राय होते. सरोजिनी बाबर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्र लोकसाहित्य समितीने खंडामागून खंड काढले, त्यामुळे हजारो गीते वाचली. त्यांच्या हाती कागद आणि लेखणी होती. त्या साधनांनी जेवढे शक्य होते तेवढे त्यांनी केले. प्रश्न त्यांच्यानंतरच्या पिढ्यांचा आहे.

९/ या बाबतीत दूरचे एक उदाहरण उद्‌बोधक ठरते : इटलीचे मँडोलिन. हिंदी चित्रगीतांमुळे हे वाद्य मराठी कानाला परिचित आहे. नेपल्सच्या घडणीच्या मँडोलिनला आठ तारा, चार जोड्यांत लावलेल्या, जुळवणी व्हायोलिनसारखी. तार छेडल्यावर नाद लवकर विरतो, म्हणून लांब स्वर हवा असेल तेव्हा वादक नखीने जलद आघात करत राहतो. मँडोलिनची ओळख सांगणारी थरथर ती हीच.

१०/ नेपल्सचे राफाएल कालाचे (१८६३-१९३४) हे या वाद्याचे मोठे वादक आणि रचनाकार. त्यांनी आपल्या रचना स्वरलिपीत छापल्या, शिकवण्याची पद्धती ग्रंथरूपाने दिली, जपानपर्यंत दौरा केला आणि ध्वनिमुद्रिकाही मागे ठेवल्या. परिणामी आजचा विद्यार्थी एका हाती छापील पान घेऊन दुसरीकडे रचनाकाराचेच वादन ऐकू शकतो. दोन साक्षी एकमेकींसमोर उभ्या करण्याची सोय येथे आहे.

११/ त्या दोन साक्षी एकसारखे बोलत नाहीत, हे विशेष. स्वरलिपीत थरथर दाखवण्यासाठी स्वराच्या दांडीवर तिरक्या रेघा मारतात. आघात किती, जोर कोठे वाढवायचा, स्वर कसा विरू द्यायचा, हे त्या रेघा सांगत नाहीत. ते मुद्रिका सांगते. उलट मुद्रिकेच्या खरखरीत हरवलेला आतला स्वर पानावर स्वच्छ असतो. एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

१२/ याच इटलीत मँडोलिनची दुसरी, बिनकागदी परंपराही होती. विशेषतः सिसिलीत न्हाव्यांच्या दुकानांत गिऱ्हाईक नसताना मँडोलिन आणि गिटार वाजत, आणि नाचाच्या चाली कानोकानी शिकल्या जात. ही मंडळी स्वरलिपी छापत नव्हती. पारंपरिक इटालियन संगीताचा असा पुष्कळ भाग ध्वनिमुद्रणामुळे हाती लागला. १९५४-५५ मध्ये अ‍ॅलन लोमॅक्स आणि दिएगो कार्पितेल्ला यांनी इटलीच्या उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत फिरून लोकसंगीत मुद्रित केले.

१३/ म्हणजे एकाच देशात छापील परंपरा पानावर टिकली आणि कानावरची परंपरा फितीवर. बारामती-इंदापूरच्या दृष्टीने बोध सरळ आहे. मोरोपंतांची आर्या हा येथील छापील वारसा. ओवी हा कानावरचा. पहिल्याला मुद्रणालय वेळेवर भेटले. दुसऱ्याला यंत्र उशिरा भेटले आणि तेही मोजक्याच ठिकाणी.

१४/ ते यंत्र आणणाऱ्यांत सर्वांत मोठे काम पुण्यातून झाले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी ऐंशीच्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. आज त्या संग्रहात हजाराहून अधिक गावांतील एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. नव्वदच्या दशकात संगीताचे संगणकीय अभ्यासक बर्नार्ड बेल या कामात आले आणि शंभराहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रण झाले. २०१७ पासून हा संग्रह ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संकेतस्थळावर क्रमाने प्रसिद्ध होऊ लागला. इंदापूर तालुक्यातील निमगाव केतकीच्या ओव्याही त्यात आहेत.

१५/ या संग्रहाची दोन वैशिष्ट्ये प्रत्येक तरुण अभ्यासकाने ध्यानात घ्यावीत. पहिले, ओवी म्हणणारीचे नाव आणि गाव नोंदले गेले. एरवी पुस्तकावर संग्राहकाचे नाव असते आणि गाणारी ‘एक वृद्धा’ एवढ्यावर उरते. दुसरे, शब्द आणि आवाज एकत्र आले. परंतु लाखभर ओव्यांच्या तुलनेत मुद्रित झालेला भाग लहान आहे. शब्दांचा ढीग मोठा आणि आवाजाचा लहान, हे चित्र येथेही कायम आहे.

१६/ येथे एक आक्षेप रास्त वाटतो : ध्वनिमुद्रण असेल तर स्वरलिपी कशाला? उत्तर हंगेरीत सापडते. बेला बार्टोक आणि झोल्तान कोदाय यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात खेड्यांत फोनोग्राफ नेला. मुद्रित चाली त्यांनी पुन्हापुन्हा ऐकून स्वरलिपीत उतरवल्या. त्यानंतरच हजारो चाली शेजारीशेजारी मांडून कोणती कोणाची बहीण, हे ठरवता आले. कान एका वेळी एकच चाल ऐकतो. कागदावर दहा चाली एका नजरेत येतात.

१७/ हीच तुलना बारामती-इंदापूरला हवी आहे. ओवी म्हणणारी स्त्री बहुधा लग्न होऊन दुसऱ्या गावाहून आलेली असते. चाल माहेरची की सासरची? भीमेकाठच्या गावात ऐकू येणारी चाल नीरेकाठी आढळते का? माण-फलटणकडच्या मुली येथे नांदायला येतात, त्यांच्यासोबत कोणत्या चाली आल्या? बायकांच्या स्थलांतराची नोंद कोणत्याही सरकारी दप्तरात नसली तरी चालींत असू शकेल. ती वाचण्यासाठी आधी चाली लिहिल्या गेल्या पाहिजेत.

१८/ दुसरा आक्षेप शास्त्रज्ञांचा : लोकगीतातील कण आणि मींड स्वरलिपीत मावत नाहीत. हे खरेच आहे. भातखंडे यांच्या पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली बिंदू, तारसप्तकाला वर बिंदू. या चिन्हांनी ख्यालाची बंदिशसुद्धा पूर्ण पकडली जात नाही. तथापि मोडी कागदाचे देवनागरीत लिप्यंतर करतानाही मूळ हस्ताक्षराची वळणे जातात. म्हणून कोणी लिप्यंतर सोडत नाही, आणि लिप्यंतर झाले म्हणून मूळ कागद फेकूनही देत नाही.

१९/ तिसरा आक्षेप असा की लिहिले की गाणे गोठते. एक चाल ‘अधिकृत’ ठरते आणि बाकीच्या मागे पडतात. हा धोका खरा आहे. त्यावर उपाय न लिहिण्यात नाही, अनेक पाठ लिहिण्यात आहे. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांतील पाठभेद अभ्यासक तळटीपांत देतात. चालींचेही पाठभेद तसेच द्यावेत : अमुक गाव, अमुक साल, अमुक गाणारी. चाल एकच असल्याचा आभास तेथेच संपतो.

२०/ नुसते मुद्रण किती अपुरे असते, याचा पुरावा दरवर्षी आषाढवारीत मिळतो. तुकोबांची पालखी बारामतीहून निघते, काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते, सणसरला मुक्काम, बेलवाडीला गोल रिंगण, मग निमगाव केतकी आणि इंदापूर. या वाटेवर टाळ, मृदंग आणि वीणा यांच्या साथीने अभंगांच्या असंख्य चाली कानी पडतात आणि हजारो मोबाइल त्या टिपतात. त्या चित्रफितींत दिंडी कोणती, चाल कोणाकडून शिकलेली, यांची नोंद सहसा नसते. कित्येकदा वरून भलतेच तयार गाणे जोडलेले असते.

२१/ ठिकाणाची नोंदही पुरत नाही, हे या भागात विशेष जपले पाहिजे. नीरा डाव्या कालव्याने येथील बागायत वाढली आणि पुढे साखर कारखाने आले : माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, वालचंदनगर. गळिताच्या हंगामात मराठवाड्यातून ऊसतोड मजूर येतात आणि आपली गाणी आणतात. इंदापूर तालुक्यातील फडात मुद्रित केलेली ओवी बीड जिल्ह्यातली असू शकते. ‘मुद्रणस्थळ इंदापूर’ एवढीच चिठ्ठी लावली, तर पुढचा अभ्यासक फसतो. गाणारीचे माहेर विचारले, तर तीच फीत स्थलांतराच्या इतिहासाचे साधन बनते.

२२/ म्हणून चांगल्या नोंदीचे किमान रूप ठरवता येते. गाणारीची परवानगी आणि तिला हवे तसे नाव. माहेर, सासर, चाल कोणाकडून आली. प्रसंग कोणता : दळण, कांडण, पाळणा की वारी. ओवी दोनदा म्हणवून घ्यावी, म्हणजे कायमचे काय आणि ऐनवेळचे काय हे कळते. शक्य असेल तर जाते खरोखर फिरत असताना मुद्रण करावे, कारण खुर्चीवर बसून म्हटलेल्या ओवीची लय बदलते. ‘बाई’ आणि ‘गं’ यांच्यासह शब्द जसेच्या तसे लिहावेत.

२३/ त्यानंतर स्वरलिपी. ती मुद्रण करणाऱ्यालाच आली पाहिजे असे नाही. तालुक्याच्या गावी हार्मोनियम शिकवणारे असतात, भजनी मंडळांतही स्वरज्ञान असलेली माणसे सापडतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मुद्रण करावे, जाणकाराने षड्ज ठरवून चाल उतरवावी, आणि दोन्ही प्रती गावच्या शाळेत किंवा वाचनालयात ठेवाव्यात. तबकडी गेली, कॅसेट गेली, सीडी गेली. मोबाइलमधील फाइलही जाईल. कागदाने मोरोपंतांना अडीचशे वर्षे सांभाळले आहे.

२४/ या कामाला मुदत आहे, आणि ती कोणा संस्थेच्या हाती नाही. विजेची गिरणी गावोगावी आल्यावर रोजचे दळण संपले. जे उरले ते लग्नातल्या हळदीपुरते. रोज पहाटे पायली-दोन पायली दळत वाढलेल्या मुली आज वयाच्या सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्यानंतर ओवी म्हणणाऱ्या असतील, पण त्यांनी ती जात्याच्या ओढीवर शिकलेली नसेल. शब्द पुस्तकातून पुन्हा मिळतील. ती ओढ मिळणार नाही.

२५/ गडकोटांची डागडुजी आणि मोडी कागदांचे वाचन यांसाठी तरुण इतिहासप्रेमी सुट्टीचे दिवस देतात, ही अभिमानाची गोष्ट आहे. त्यांतला एखादा दिवस बारामती-इंदापूरच्या, किंवा स्वतःच्याच घरातल्या, आजीसमोर बसून घालवावा. मोरोपंतांनी बारामतीत बसून स्त्रियांना म्हणता यावीत अशी गीतेही रचली होती. त्यांचे शब्द आज हाती आहेत आणि ती कशी म्हटली जात हे कोणीही सांगू शकत नाही. हाच अभाव आजच्या ओवीच्या वाट्याला येऊ द्यायचा की नाही, हे ठरवण्याइतका वेळ या पिढीकडे अजून आहे.